चौतिसावा दिवस

१. चोर कोण, तर जिने ओरडून सांगितलं ती

ज्या मुलीने खोटा आकडा पकडला तिलाच गुन्हेगार ठरवायला आमच्या कार्यालयाला पाऊण तास पुरला. एरवी तिथे एक फाइल या टेबलावरून त्या टेबलावर सरकायला तीन आठवडे लागतात. पण कुणावर खापर फोडायचं असलं की सगळ्यांच्या अंगात कुठून बळ येतं देव जाणे.

शुक्रवारी सकाळी साडेदहाला तिचा फोन आला.

"मावशी, बाराव्या तक्त्यातली चौथी ओळ कुणीतरी बदललीय. मी साहेबांना सांगायला गेले. ते म्हणाले, तुझ्याच मशीनवरून बदललीय, म्हणजे तूच बदललीस. चार वाजता मला काढून टाकल्याच्या पत्रावर सही होणार आहे."

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, मी बदलली असती तर सांगायला कशाला आले असते?"

"मग?"

"म्हणाले, जास्त शहाणपणा करू नकोस."

तिचा आवाज थरथरत होता, पण ती रडत नव्हती. मी गुडघ्याला पट्टा बांधला, शिवणाच्या डब्यातलं पाकीट पिशवीत टाकलं आणि निघाले.

मी कोण, ते सांगते. त्या कार्यालयातल्या तुलना विभागाची मी वीस वर्षं प्रमुख होते. चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मला तिथे सगळे मावशी म्हणतात, प्रेमाने नव्हे, तोंडाला घाबरून. ही मुलगी माझ्या शेवटच्या वर्षी नोकरीला लागली. तक्त्यांखालच्या टिपा लिहिणं हे तिचं काम, म्हणून तिला सगळे 'तळटीप' म्हणतात. विनोदबुद्धीचा तिथे एवढाच साठा आहे.

काम काय, तर अकरा देशांतल्या कामगारांचे आकडे शेजारीशेजारी मांडायचे. ऐकायला सोपं आहे. प्रत्येक देश आपापल्या मापाने मोजतो, तिथे खरी गोम आहे. एका ठिकाणी आठवड्यातून एक तास काम केलेला माणूस कामावर धरतात, दुसऱ्या ठिकाणी पंधरा तास लागतात. कुठे पंधराव्या वर्षी माणूस कामगार होतो, कुठे सोळाव्या. ते सगळं एका मापावर आणायचं, आणि जे आणता येत नाही ते तळटिपेत कबूल करायचं. वर्षाला एक पुस्तक निघतं. ते कुणी वाचत नाही, पण आपला नंबर कितवा एवढं मात्र सगळे बघतात.

बारावा तक्ता सगळ्यांत वाईट. कामावर असताना अपघात होऊन वर्षभरात किती माणसं मेली, दर लाख कामगारांमागे. त्यातही माप वेगळं. माणूस अपघातानंतर किती दिवसांत गेला तर धरायचा? कुणी तीस दिवस म्हणतो, कुणी नव्वद, कुणी वर्ष. उरलेले मेलेले कुठल्या तक्त्यात जातात हे विचारू नका. कुठल्याच नाही.

२. चौथी ओळ

तळटीप जिन्यातच उभी होती. आम्ही सरळ तिच्या टेबलाशी गेलो. खोली होती तशीच: सहा टेबलं, त्यातली तीन भरलेली, आणि भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ.

तिने तक्ता उघडला. आमची एक जुनी रीत आहे, ती इथे सांगायला हवी. शेवटच्या दिवसापर्यंत तक्त्यात देशांची नावं नसतात, नुसते क्रमांक असतात. कुठला क्रमांक कुठल्या देशाचा हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. चिठ्ठ्या कार्यालयाबाहेरचं माणूस टाकतं आणि यादी बंद पाकिटात आपल्याकडे ठेवतं. छपाईच्या दिवशी पाच वाजता त्यानेच येऊन नावं घालायची आणि प्रत आपल्या हाताने छापखान्याच्या माणसाला द्यायची. आपल्या देशाचा आकडा बघून कुणाचा हात वळवळू नये म्हणून ही रीत. चार वर्षं ते बाहेरचं माणूस मी आहे, आणि छपाईचा दिवस आजचाच होता.

"बघा," तळटीप म्हणाली. "क्रमांक चार. परवा संध्याकाळी सहा पूर्णांक नऊ होता. आज सकाळी एक पूर्णांक नऊ आहे. नवव्या नंबरवरचा देश एकदम दुसऱ्या नंबरवर आला. मशीन सांगतंय की बदल काल दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी झाला."

"तू तेव्हा कुठे होतीस?"

"मागच्या जिन्यात, डबा खात. एकटीच."

"आणि मशीनचा परवलीचा शब्द?"

तिने कीबोर्ड उचलून दाखवला. खाली चिठ्ठी चिकटवलेली होती. "विभागाचा नियम आहे. कुणी रजेवर गेलं तर काम अडू नये म्हणून."

धन्य! कुलूप लावायचं आणि किल्ली कुलपालाच बांधायची. मी चष्मा पुसला आणि तक्ता पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. चौथ्या ओळीची टीप जागेवर होती: 'अपघातानंतर तीस दिवसांच्या आत झालेलेच मृत्यू धरले आहेत.' ती कुणी बदलली नव्हती. मग मी तळाच्या ओळीवर आले.

"ही सरासरी परवा किती होती?"

तिने तिची वही काढली. "चार पूर्णांक चार."

"आता तीन पूर्णांक नऊ आहे."

ती वाकली, ओठ हलवत हिशेब केला. "बरोबर आहे, मावशी. चौथी ओळ खोटी धरली तर सरासरी एवढीच येते."

"ती आपोआप बदलते का?"

"नाही. ही छपाईची प्रत आहे. यात प्रत्येक आकडा हाताने घालावा लागतो."

म्हणजे कुणीतरी आधी खोटा आकडा घातला, आणि मग बसून त्या खोट्याची बरोबर सरासरी काढली. हे मी डोक्यात नोंदवून ठेवलं.

"काल एक ते दोन या मजल्यावर कोण कोण होतं?"

"साहेब, रंगारी आणि दशांश काका. बाकीचे खाली परिषदेच्या तयारीला गेले होते."

पुढच्या सोमवारी आमच्याकडे अकरा देशांची कामगार परिषद भरणार होती. आपला नंबर चांगला यावा म्हणून वरपासून खालपर्यंत सगळ्यांच्या जिवाची घालमेल चालली होती. म्हणजे कारण काय ते उघड होतं. कुणीतरी आपल्या देशाचा आकडा गोरागोमटा केला होता.

फक्त एक अडचण होती, आणि ती त्या इमारतीत मला एकटीलाच ठाऊक होती. पिशवीतल्या पाकिटाप्रमाणे चौथी ओळ आपल्या देशाची नव्हतीच.

३. रंगारी

तो देश यंदाच पहिल्यांदा आमच्या पुस्तकात आला होता. मजल्यावरच्या कुणालाही तो नकाशात बोटाने दाखवता आला नसता. त्याचं कोण भलं करायला निघालं होतं? हे कोडं घेऊन मी पहिल्यांदा रंगाऱ्याकडे गेले, कारण त्याचं टेबल जवळ होतं आणि माझा गुडघा दुखत होता.

रंगारी म्हणजे आलेख काढणारा. उभे खांब, आडवे खांब, आणि अलीकडे त्याने पोळलेल्या भाकरीसारखे गोल सुरू केलेत, ज्यांतून काहीही कळत नाही. केस मात्र दर महिन्याला नव्या रंगाचे असतात.

"मावशी! किती दिवसांनी!"

"पुरे. काल दुपारी काय करत होतास?"

"परिषदेचा फलक. हा बघा." त्याने पडद्यावर अकरा खांब दाखवले. सगळे निळे. "आपला कुठला ते कळलं की तो केशरी करणार. तेवढंच राहिलंय."

"यांची सरासरी काढून दाखव मला."

तो हसला. मग मी हसत नाही हे बघून त्याने फोन काढला. पाच मिनिटं बोटं आपटून तो म्हणाला, "सरासरी म्हणजे मधला आकडा ना, मावशी? सहावा?"

मी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

"नाही, म्हणजे, ती दशांश काका देतात. मी फक्त रेघ मारतो."

"आणि तळटिपा? त्या तरी वाचतोस?"

"त्या खांबात बसत नाहीत हो," तो मनापासून म्हणाला. "म्हणून मी त्या काढूनच टाकतो."

अशा माणसाला पगार मिळतो, दरवर्षी वाढतो, आणि गेल्या साली त्याला उत्कृष्ट सादरीकरणाची ढालही मिळाली. मी पुढे गेले.

४. साहेब

साहेबांच्या खोलीत दोन नवी झाडं आली होती, प्लॅस्टिकची. संगणकावर धूळ बसू नये म्हणून कापडी झाकण, आणि त्या झाकणावर धूळ. ते मशीन या वर्षात सुरू झालं असेल तर मी माझं नाव बदलेन.

"या, या. तुम्हाला उगाच त्रास. किरकोळ प्रकरण आहे. एक कनिष्ठ मुलगी, निष्काळजीपणा, किंवा खोडसाळपणा."

"ती स्वतः सांगायला आली होती."

"तेच तर! अपराधी मन." साहेब खुर्चीत मागे रेलले. "परिषद तोंडावर आहे. कुणावर तरी कारवाई झालेली दिसली पाहिजे. तुम्ही समजून घ्याल."

मी समजून घेतलं. या माणसाला खरं काय ते नकोच होतं. त्याला चार वाजता सही करायची होती आणि साडेचारला घरी जायचं होतं.

"आपला नंबर कितवा यावा असं वाटतं तुम्हाला?"

"वरच्या तिघांत आला तर..." त्यांनी छताकडे बघितलं. "मी तसं बोलूनही दाखवलं होतं विभागात. सहज हो. प्रोत्साहन म्हणून."

"कुणापाशी?"

"सर्वांपाशी. मी भेदभाव करत नाही."

त्यांच्या मागे भिंतीवर वर्तमानपत्राचं कात्रण चौकटीत लावलं होतं. साहेब गळ्यात हार घालून उभे, खाली बातमी: कामावरील मृत्यूंच्या मोजणीत ऐतिहासिक सुधारणा. मी बघतेय हे पाहून ते खुलले.

"तीन वर्षं झाली. माझ्याच काळात झाली ती. आता आपण पूर्ण एक वर्षापर्यंतचे मृत्यू मोजतो. मंत्र्यांच्या हस्ते हार घातला होता मला."

"मसुदा तुम्हीच लिहिलात?"

"सही माझी आहे," साहेब म्हणाले.

५. दशांश

दशांश काका त्या विभागाचे मुख्य संकलक. तीस वर्षांची नोकरी. आयुष्यात एकदाही त्यांनी 'सुमारे' हा शब्द वापरला नाही. चहात साखर दीड चमचा म्हणजे दीडच. घरी बायको त्यांना आकड्यांत उत्तरं देते म्हणे. पुढच्या महिन्यात ते निवृत्त व्हायचे होते, आणि साहेबांनी दोन वर्षांच्या मुदतवाढीची शिफारस 'परिषद पार पडली की' करतो असं सांगितलेलं होतं. हे मला तळटिपेने जिन्यात सांगितलं.

त्यांच्या कपाटावर परिपत्रकांचे गठ्ठे होते. वरच्या दोनतीन गठ्ठ्यांच्या दोऱ्यासुद्धा सुटलेल्या नव्हत्या.

"हे वाचत नाही वाटतं?"

"त्यात नवीन काय असतं? आणि त्यातलं अर्धं त्या पोरीच्या अर्जावरून निघालेलं. मला शिकवणार ती?" त्यांनी नाक मुरडलं. "आजकालच्या मुलांना सगळं मशीनमध्ये बघावं लागतं. मला बघावं लागत नाही."

"खरंच? सगळे देश पाठ आहेत अजून?"

माणसाला त्याच्या आवडीच्या जागी खाजवलं की तो मान वर करतो. दशांश काकांनी डोळे मिटले आणि सुरू झाले. "बेटवाले: वय सोळा, मृत्यू वर्षभरात. उत्तरेकडचे शेजारी: वय पंधरा, मृत्यू नव्वद दिवसांत, आणि घरच्या शेतीतले लोक धरत नाहीत, ही त्यांची लबाडी. समुद्रापलीकडचे: वय पंधरा, मृत्यू वर्षभरात, शिकाऊ मुलं वेगळी. आपण: वय पंधरा, मोजणी बारा तारखेच्या आठवड्यात, मृत्यू तीस दिवसांत. खाणींचा देश: वय सोळा, मृत्यू वर्षभरात, खाणी वगळून! खाणींचा देश, आणि खाणी वगळून! मी दरवर्षी निषेधाची टीप घालतो."

"आणि यंदाचा नवा देश?"

त्यांनी डोळे उघडले. "तो अजून वाचायचाय. नवीन आहे. टिकेल की नाही कुणास ठाऊक."

"काल दुपारी?"

"जागेवरच होतो. डबा खाल्ला, दात कोरले, काम केलं. चौकशी माझी करताय की तिची?"

"सगळ्यांचीच. तिच्याबद्दल काय वाटतं?"

"पोरगी हुशार आहे," ते खिडकीकडे बघत म्हणाले. "पण अशा नोकऱ्या जातात, मिळतात. तरुण आहे अजून."

मी उठले. माझ्या मनगटावरच्या घड्याळात पावणेतीन झाले होते.

६. तळटीप

एक गोष्ट मला अजून हवी होती. मी तिला मागच्या जिन्यात घेऊन गेले आणि पायरीवर बसवलं.

"खरं सांग. नोकरी गेली तर काय होईल?"

"दुसरी बघेन. पण आकडे खोटे करणारी म्हणून काढलेलीला आकड्यांजवळ कोण बसवेल, मावशी? आणि मला हेच करायचं होतं. दुसरं काहीच नव्हतं करायचं."

"का बरं? एवढं काय आहे यात?"

ती बराच वेळ पायरीचा टवका नखाने काढत बसली.

"बाबा परांचीवरून पडले. अकरा वर्षं झाली. चौतीस दिवस रुग्णालयात होते. आम्हाला वाटलं, वाचतील. चौतिसाव्या दिवशी गेले. वर्षाअखेर मी तुमचं पुस्तक वाचनालयात उघडलं, त्या वर्षी किती माणसं गेली ते बघायला. मग टीप वाचली. तीस दिवस. म्हणजे बाबा त्यात नव्हतेच. चार दिवस जास्त जगले म्हणून ते कामावर मेलेच नाहीत."

मी तिच्या शेजारी पायरीवर टेकले.

"आई म्हणाली, जाऊ दे, पैसे मिळाले ना. मिळाले होते. पण मला पैशांचं नव्हतं. मी तिच्या नावाने पत्रं लिहिली, मी तेव्हा लहान होते ना. एकोणीस पत्रं. एकाचंच उत्तर आलं, दोन ओळींचं. 'सदर मृत्यू नियमात बसत नाही.' मग इथे नोकरीला लागले आणि आतून अर्ज केले. शेवटी तीन वर्षांपूर्वी तो नियम बदलला. साहेबांना हार मिळाला."

"मसुदा कुणाचा होता?"

"माझा."

त्या दोन ओळींखाली कुणाची सही होती हे मी विचारलं नाही. साडेतीन वाजत आले होते.

"चल," मी म्हटलं. "कोण ते कळलंय मला."

७. पाकीट

साहेबांच्या खोलीत पाच माणसं मावत नाहीत. रंगारी प्लॅस्टिकच्या झाडाला टेकला. दशांश काका दाराशी ताठ उभे. टेबलावर तिला काढून टाकल्याचं पत्र, त्यावर उघडलेलं पेन.

"थोडक्यात सांगा," साहेब म्हणाले.

"सांगते. खोटं करणाऱ्याने दोन गोष्टी केल्या. चौथ्या ओळीचा आकडा बदलला, आणि तळाची सरासरी त्या खोट्याला जुळवून घेतली, हाताने, बिनचूक. दुसरं करायची काही गरज नव्हती. सरासरी कोण तपासतो? पण ज्याला चुकलेली बेरीज बघवत नाही त्याच्याकडून ते झालंच. हा रंगारी? याला सरासरी म्हणजे काय ते ठाऊक नाही."

"मधला..." रंगारी पुटपुटला.

"गप. साहेब? साहेबांना मशीन सुरू करायला माणूस लागतो. राहिले दोघं. ही मुलगी आणि दशांश काका."

"वा!" दशांश काका म्हणाले. "तीस वर्षांची सेवा, आणि मला हिच्या शेजारी बसवता?"

"बसा की, जागा आहे. आता दुसरं. चारच का? तक्त्यात नावं नाहीत. आपला देश वर चढवायचा असेल तर आपली ओळ ओळखायला हवी. ती कशी ओळखणार? टिपेवरून. सगळ्या तक्त्यात तीस दिवसांची टीप एकाच ओळीला आहे, चौथ्या. ज्याच्या डोक्यात 'तीस दिवस म्हणजे आपण' असं बसलंय, तो डोळे मिटून चारवर बोट ठेवणार. काका, आपला नियम किती दिवसांचा हो?"

"तीस," दशांश काका तडक म्हणाले. "झोपेतून उठवा, सांगेन."

"अहो काय बोलताय!" साहेब खुर्चीतून उठलेच. "वर्ष! एक वर्ष! हे काय लावलंय भिंतीवर? मला हार घातला होता!"

दशांश काकांनी कात्रणाकडे बघितलं. त्या खोलीत ते आठवड्यातून दोनदा येतात, तीन वर्षं. त्यांनी ते पहिल्यांदाच वाचलं असावं. त्यांचे ओठ हलत होते.

मी पाकीट फोडलं आणि यादी टेबलावर ठेवली. "चार म्हणजे यंदाचा नवा देश. जो तुम्हाला अजून वाचायचाय. तुम्ही चोरी केलीत, काका, तीही दुसऱ्याच्या घरचं भलं करायला. आणि ही मुलगी? उभ्या जगात एक माणूस असं आहे की जे आपल्याला तीस दिवसांचं समजण्याची चूक करूच शकत नाही. तो नियम हिने बदलवला. का, ते मी तुम्हाला सांगणार नाही. तुमची लायकी नाही ती."

मग दशांश काका भिंतीला धरून खाली बसले. ताठपणा कुठल्या कुठे गेला.

"साहेब म्हणाले होते, आपला आकडा जरा बरा दिसला तर मुदतवाढीचं बघता येईल," ते म्हणाले. "निवृत्त होऊन मी करू काय? घरी काय आहे मोजायला?"

"मी फक्त इच्छा व्यक्त केली होती," साहेबांनी हात झटकले.

एका क्षणापुरती मला दशांश काकांची कीव आली. मग आठवलं की एका मुलीचं आयुष्य पणाला लावून हा माणूस दुपारभर दात कोरत बसला होता, आणि ती कीव गेली.

साहेबांनी ते पत्र हळूच दप्तराखाली सरकवलं. मी ते बाहेर ओढलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं. "फाडा. आणि त्याच टेबलावर दुसरं लिहा. चूक हिने पकडली, असं. साहेब, शुद्ध लिहा, मी वाचणार आहे."

त्यांनी लिहिलं. मग यादीवर नजर टाकून त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे आपण क्रमांक नऊ. सात पूर्णांक चार. अकरांत दहावे! मावशी, पाच वाजायला अजून वेळ आहे. तेवढा नऊचा काही..."

"हात तर लावून बघा," मी म्हटलं.

८. टीप

साडेचारला आम्ही दोघी तिच्या टेबलाशी बसलो. तिने चार क्रमांकाचा आकडा परत घातला, सहा पूर्णांक नऊ. सरासरी चार पूर्णांक चार. कीबोर्डखालची चिठ्ठी मी आधीच फाडली होती.

"अजून एक पान आहे, मावशी. हे यंदा पहिल्यांदाच जातंय." तिने ते उघडलं. आपल्या देशाचे मागच्या पंधरा वर्षांचे मृत्यू, नव्या नियमाने जुनी कागदपत्रं पुन्हा काढून मोजलेले. दोन रकाने, आधीचा आकडा आणि आताचा. तिने अकरा वर्षांपूर्वीच्या ओळीवर बोट ठेवलं. आधी चारशे अकरा. आता चारशे सदतीस.

"या सव्वीस जणांत बाबा आहेत," ती म्हणाली. आता मात्र तिचे डोळे भरले.

दिवसभर मी त्या इमारतीतल्या एकेकाला मनातल्या मनात शिव्या घालत आले होते. न वाचणारा, न बघणारा, नुसती सही करणारा. चारशे अकरा हा आकडा मी ओळखत होते. त्या वर्षीच्या तक्त्याखाली सही माझी होती. आणि तसली दोन ओळींची उत्तरं मी ढिगाने लिहिली होती, चहा गार व्हायच्या आत, समोरच्या पत्रात काय लिहिलंय ते पुरतं न वाचता.

"ते उत्तर," मी म्हटलं. "तुझ्या आईला गेलेलं. ते मी..."

"माहीत आहे मला. सही वाचता येते की."

"पहिल्या दिवसापासून?"

"नोकरीला लागायच्या आधीपासून."

"मग आज मला कशाला बोलावलंस, पोरी?"

तिने डोळे पुसले. "अठरा पत्रांना कुणी उत्तरच दिलं नाही, मावशी. तुम्ही निदान दिलंत. आणि नियम तुम्हाला पक्का ठाऊक असणार, एवढी खात्री होती." मग तिने माझ्याकडे न बघता जोडलं, "राग होता. अजून थोडा आहे."

"असू दे," मी म्हटलं. "असायलाच हवा."

पाचला दहा मिनिटं कमी होती. मी पाकिटातल्या यादीप्रमाणे नावं सांगत गेले, ती घालत गेली. नवव्या ओळीत आपलं नाव घातलं, दहावा नंबर, आहे तसा. मग शेवटच्या पानाची टीप राहिली. तिने नेहमीचं वाक्य आधीच लिहून ठेवलं होतं: 'नियम बदलल्यामुळे मागील वर्षांचे आकडे सुधारण्यात आले आहेत.'

"ते खोड," मी म्हटलं. "लिही. आधीच्या वर्षांत, आम्ही ही माणसं मोजली नव्हती. ती मोजायला हवी होती. आणि खाली माझं नाव घाल, त्या वेळचं पद घाल."

"टिपेत असं लिहितात?"

"मी लिहितेय."

जिन्यात छापखान्याच्या माणसाचे पाय वाजले. तिने ते टाइप केलं, एकदा वाचलं, आणि त्यातला स्वल्पविराम तेवढा काढून टाकला.